कोतवालाचे वाहन

काशीचा कोतवाल कोण, असे या नगरीतील जुन्या रहिवाशाला विचारले, तर तो कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याचे नाव सांगणार नाही. तो कालभैरवाचे नाव सांगेल. विश्वनाथ हा काशीचा राजा आणि कालभैरव हा त्याचा कोतवाल, ही येथील लोकमानसाने अढळ मानलेली व्यवस्था होय. भैरवाच्या मंदिरापासून जवळच कोतवाली याच नावाचे पोलीस ठाणे आहे आणि तेथील मुख्य खुर्ची भैरवाची मानून प्रभारी अधिकाऱ्याने शेजारच्या खुर्चीवर बसावे, अशी तेथली प्रथा सांगितली जाते. मंदिराच्या सध्याच्या वास्तूशी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे नाव जोडले जात असल्यामुळे मराठी वाचकाला या कोतवालाविषयी थोडी अधिक आपुलकी वाटणेही स्वाभाविक आहे. अन्य देवतांना हत्ती, सिंह, मयूर, गरुड अशी डौलदार अथवा वेगवान वाहने लाभली. भैरवाच्या वाट्याला आला तो कुत्रा. गल्लीतल्या प्रत्येक उंबरठ्याची ओळख असलेला, परके पाऊल वाजताच कान टवकारणारा आणि पहाटेपर्यंत त्याच चार वळणांत हिंडणारा हा प्राणी नगररक्षकाचे वाहन ठरावा, यात परंपरेची मोठी जाण दिसते. रखवालदाराने किती वेगाने आणि किती जमिनीलगत हिंडावे, याचे उत्तर त्या निवडीत आहे.

हा प्रश्न पुराणापुरता राहिलेला नाही. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी, पोलीस स्मृतिदिनी, उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी राज्यातील शिपाई व हवालदारांना मिळणारा दरमहा २०० रुपयांचा सायकल भत्ता बंद करून त्याऐवजी ५०० रुपयांचा मोटारसायकल भत्ता देण्याची घोषणा केली. या घोषणेचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. सायकल भत्ता हा वर्षानुवर्षे पोलीस दलातील थट्टेचा विषय होऊन बसला होता. शिपायाने आपल्या पदरच्या पैशाने मोटारसायकल घ्यावी, तीत आपल्या पैशाने पेट्रोल घालावे, तिच्यावर बसून सरकारचे काम करावे आणि महिनाअखेरीस सरकारने त्याच्या हातावर सायकलीच्या पंक्चरीचे पैसे ठेवावेत, हा प्रकार हास्यास्पद तर होताच, पण त्याहून अधिक तो अन्यायाचा होता. तो संपला हे बरे झाले. तथापि भत्ता कालबाह्य झाला म्हणून ज्या वाहनाच्या नावाने तो दिला जात होता ते वाहनही कालबाह्य झाले, असा निष्कर्ष जो सहज काढला गेला, तो मात्र तपासून पाहण्याची गरज आहे. सरकारी कागदावरून सायकल पुसली गेली, तेव्हा तिच्याबरोबर पोलीस आणि मोहल्ला यांच्यातील एक जुना संबंधही पुसला जात आहे काय, हा खरा प्रश्न होय.

वाराणसीसारख्या नगरीत या प्रश्नाला भूगोलाचाच आधार आहे. गंगेच्या काठाने पसरलेल्या पक्क्या महालात चौखंभा, ठठेरी बाजार, कचौडी गल्ली, ब्रह्मनाळ अशा वस्त्यांतून जी वाट जाते, ती कित्येक ठिकाणी इतकी अरुंद आहे की, समोरून माणूस आला तर एकाने अंग चोरून भिंतीला लागावे आणि बैल आला तर दोघांनीही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना ही वाट पुण्याच्या बोळांची आठवण करून देत आली आहे. येथे जीप शिरू शकत नाही. तिला गोदौलिया, मैदागिन किंवा चौकातच थांबावे लागते. मोटारसायकल शिरते, परंतु ती शिरताना कर्णा वाजवत शिरते. लोक तिच्यासाठी बाजूला होतात आणि ती गेल्यावर पुन्हा एकत्र येतात. तिच्यावर बसलेल्या शिपायाने गल्ली ओलांडली असे म्हणता येते. त्याने गल्ली पाहिली असे म्हणणे कठीण आहे. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, कानांत यंत्राची घरघर असते आणि नजर वाटेत आडव्या येणाऱ्या पोरावर व गाईवर खिळलेली असते. सायकलवरचा मनुष्य याच्या उलट स्थितीत असतो. त्याला बोलणे ऐकू येते, वास येतात, दारातल्या म्हातारीने मारलेली हाक पोचते, आणि एक पाय जमिनीवर टेकवला की तो उभा राहतो. त्याला थांबण्यासाठी कारण लागत नाही. अर्थात घाटांच्या पायऱ्यांवर सायकलीचाही उपयोग नाही. तेथे ती गल्लीच्या तोंडाशी लावून पायीच उतरावे लागते. पण सायकलवरून पायउतार होणे हे जीपमधून उतरण्याइतके समारंभपूर्वक घडत नाही, एवढा फरक तिथेही उरतोच.

या नगरीत रखवालीची जी जुनी पद्धत होती, तीही मोहल्ल्याच्या मापाचीच होती. मोहल्ल्याच्या तोंडाशी फाटक असे, रात्री ते बंद होई आणि त्यावर बसणाऱ्या चौकीदाराचा खर्च रहिवासी आपापसांत वाटून घेत. फाटकबंदी या नावाने ही व्यवस्था ओळखली जाई. १८१० मध्ये कंपनी सरकारने घरांवर कर बसवला, तेव्हा बनारसच्या नागरिकांनी जो प्रदीर्घ हरताळ पाळला, त्याची कागदपत्रे धरमपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे अभ्यासकांना सुपरिचित झाली आहेत. दुकाने बंद झाली, कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, लोक घरे सोडून मैदानात जाऊन बसले आणि अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनामागे अनेक कारणे होती. परंतु आपल्या गल्लीची राखण आपण करतो आणि तिचा खर्च आपण सोसतो, ही नागरिकांची जाणीव त्या एकजुटीच्या तळाशी होती, हे विसरता येत नाही. फाटक ही लाकडाची वस्तू खरी, पण तिच्या आधाराने मोहल्ला हा एक सामाजिक घटक म्हणून उभा होता.

त्यानंतर जे पोलीस आले ते निराळ्या साच्यातून आले. चार्ल्स नेपिअरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तेथे जे दल उभारले, त्याचा नमुना आयर्लंडमधील सशस्त्र पोलिसांचा होता, आणि १८५७ च्या उठावानंतर झालेल्या १८६१ च्या पोलीस कायद्याने तीच दृष्टी देशभर रूढ केली. रॉबर्ट पीलने १८२९ मध्ये लंडनसाठी जे पोलीस दल निर्माण केले, त्यात ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेळी पायी फिरणारा शिपाई हा केंद्रस्थानी होता. येथे मात्र बराकीत राहणारा, हुकूम झाला की बाहेर पडणारा आणि काम झाले की बराकीत परतणारा शिपाई केंद्रस्थानी आला. पहिल्याचे काम उपस्थित राहण्याचे, दुसऱ्याचे काम चाल करून जाण्याचे. स्वातंत्र्यानंतर वर्दी तीच राहिली आणि कायदाही पुष्कळ काळ तोच राहिला. या पार्श्वभूमीवर सायकलीचे महत्त्व लक्षात येते. ती काही कोणी विचारपूर्वक आखलेली सुधारणा नव्हती. स्वस्त होती म्हणून ती शिपायाच्या हाती आली. परंतु तिने बराकीतल्या माणसाला नकळत रस्त्यावर आणून उभे केले. पानाच्या ठेल्यावर थांबणे, चाकात हवा भरून घेणे, पावसात एखाद्या ओसरीवर आसरा घेणे, अशा निमित्तांनी शिपाई आणि नागरिक यांच्यात बोलणे होऊ लागले. आणि पोलिसांना लागणारी माहिती बहुधा अशा निरुद्देश बोलण्यातूनच मिळत असते.

पाश्चात्त्य देशांतील अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे प्रमुख असताना १८९५ मध्ये तेथे सायकलस्वारांचे पथक निघाले. उधळलेले घोडे आणि बेफाम सायकलस्वार यांना गाठणे हे त्याचे मुख्य काम होते; म्हणजे त्या काळी सायकल ही वेगासाठी निवडलेली होती. पुढे मोटार आली आणि सायकल मागे पडली. १९८७ मध्ये सिअ‍ॅटल शहरात ती परत आली ती अगदी उलट कारणाने. भुयारी मार्गाच्या खोदकामामुळे शहराच्या मध्यभागी मोटारी अडकून पडू लागल्या, तेव्हा तेथील दोन पोलिसांनी सायकलवरून गस्त घालण्यास प्रारंभ केला आणि तो प्रयोग इतर अनेक शहरांनी उचलला. काशीच्या गल्लीत जी अडचण शेकडो वर्षांची आहे, ती सिअ‍ॅटलला काही काळ सोसावी लागली आणि तेवढ्यात तिथल्या पोलिसांना सायकलीचे मोल कळले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि सायकलीचा कैवार घेताना भलतेच दावे करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गस्तीने गुन्हे कमी होतात, हे गृहीत तितकेसे भक्कम नाही. कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ मध्ये झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात काही विभागांत मोटारींची गस्त वाढवली गेली, काहींत ती बंद केली गेली आणि काहींत पूर्ववत ठेवली गेली; वर्षाअखेरीस या विभागांतील गुन्ह्यांत वा लोकांच्या भावनेत लक्षणीय फरक आढळला नाही. मोटार येऊन जाते याची लोकांना दखलही नव्हती. त्यानंतर १९७८-७९ मध्ये नेवार्क येथे पायी गस्तीचा प्रयोग झाला. त्यातही गुन्हे कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र लोकांचे भय कमी झाले आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले. सायकलवरच्या गस्तीचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस मेंटन यांना असे आढळले की, मोटारीतील पोलिसाच्या तुलनेत सायकलवरील पोलिसाचा लोकांशी दुपटीहून अधिक वेळा संबंध येतो. या तिन्ही अभ्यासांचा एकत्रित अर्थ मर्यादित पण महत्त्वाचा आहे. सायकल चोराला धाकात ठेवील की नाही हे सांगता येत नाही. ती भल्या माणसाला निर्धास्त करील आणि त्याला बोलते करील, एवढे सांगता येते. ज्या समाजात भला मनुष्य पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरतो, त्या समाजात हा लाभ लहान मानता येणार नाही.

वाराणसीला या लाभाची गरज किती आहे, हे तिच्या अलीकडच्या इतिहासावरून कळते. ७ मार्च २००६ रोजी संकटमोचन मंदिरात आणि कॅन्टोन्मेंट रेल्वे स्थानकावर बॉम्बस्फोट झाले. ७ डिसेंबर २०१० रोजी शीतला घाटावर आरतीच्या वेळी स्फोट झाला. दोन्ही वेळा नगरीचा तोल सुटला नाही. २००६ मध्ये संकटमोचनचे महंत वीरभद्र मिश्र यांच्यासारख्या व्यक्तींनी दाखवलेला संयम आणि सामान्य लोकांचे शहाणपण यांना त्याचे श्रेय द्यावे लागते. पण दर वेळी शहाणपणावर विसंबून राहणे हे राज्यव्यवस्थेला शोभणारे नाही. मदनपुऱ्यातील विणकर आणि त्याचा माल घेणारा चौकातील व्यापारी या दोघांनाही नावाने ओळखणारा, दोघांच्याही दारात कधीतरी पाणी प्यायलेला एखादा शिपाई अशा रात्री गल्लीत उभा असेल, तर त्याच्या एका शब्दाने जे होईल ते बाहेरून आलेल्या सशस्त्र तुकडीच्या संचलनाने होणार नाही.

या विधानाला महाराष्ट्रातच एक पुरावा उपलब्ध आहे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगलींनी भिवंडीचे नाव काळवंडले होते. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचे जाळे विणले. पुढाऱ्यांच्या शांतता समित्या तोवर पुष्कळ होत्या. येथे सामान्य रहिवासी आणि ठाण्यातील कनिष्ठ कर्मचारी यांची नियमित गाठभेट हा पाया धरला गेला. नळाचे भांडण, भाड्याचा वाद, पोरांची मारामारी असे क्षुल्लक वाटणारे विषय तेथे निघत आणि तिथेच मिटत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, पण तिच्या उंबरठ्यावरची भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी प्रभृतींच्या प्रयत्नांनी मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. भिवंडीत सायकली महत्त्वाच्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. महत्त्वाची होती ती ओळख. परंतु ओळख ही वेगाने धावणाऱ्या वाहनातून होत नसते आणि दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाशी तर मुळीच होत नसते.

याच्या विरुद्ध जो आक्षेप घेतला जाईल, तो हलका नाही. पोलीस दाराशी आला म्हणजे नागरिक निर्धास्त होतो, हे कोणत्या नागरिकाविषयी खरे आहे? मराठी वाचकाला याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पेशवाईतील पुण्यात रात्री तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्या माणसाचे काय होई, हे सर्वश्रुत आहे. १७७७ पासून पुण्याची कोतवाली सांभाळणारा घाशीराम हा गल्लीबोळांची खडान्‌खडा माहिती ठेवणारा अधिकारी होता. आणि १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले वीसहून अधिक परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा संतप्त जमावाने दगडांनी त्याचा अंत केला. जवळीक होती, माहिती होती, रात्रंदिवस गस्तही होती. नव्हते ते उत्तरदायित्व. इंग्रजी अमलातील दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्यांना जन्मतःच संशयित ठरवले, त्या पारधी, कैकाडी अशा जमातींच्या पालावर पोलिसांचे जे नित्याचे येणेजाणे असे, त्याला कोणी जनसंपर्क म्हणणार नाही. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण हजेरीच्या त्या फेऱ्यांची स्मृती आणि पुष्कळदा ती वृत्तीही शिल्लक राहिली. काशीतही घाटावरचा नावाडी, फुटपाथवरचा फेरीवाला, ई-रिक्षाचालक यांना शिपायाच्या फेरीचा अनुभव महालातील व्यापाऱ्यासारखाच येतो, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मोटारसायकलवाला शिपाई निघून तरी जातो; सायकलवाला थांबतो. आणि त्याचे थांबणे हे फेरीवाल्याला खर्चाचे ठरू शकते.

हा आक्षेप मान्य केला, तर त्यातून सायकल नको असे निष्पन्न होत नाही. सायकलीबरोबर आणखी काय हवे, हे निष्पन्न होते. मोहल्ल्यात फिरणाऱ्या शिपायावर मोहल्ल्याची नजर हवी. त्याचे नाव, त्याची वेळ आणि त्याचा वरिष्ठ कोण, हे गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर सर्वांना वाचता यावे. महिन्यातून एकदा त्याने रहिवाशांच्या उघड्या सभेत उभे राहावे, आणि त्या सभेत जुन्या हवेलीचा मालक आणि तिच्या पडवीत भाड्याने राहणारा मजूर यांना सारखीच मुभा असावी. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल सादर केले. त्यांतील विचारांना अनुसरून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २००६ मध्ये निर्देश दिले. त्यांत पोलीस अधीक्षकापासून ठाण्याच्या प्रमुखापर्यंत प्रत्यक्ष कामावरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कालावधी मिळावा, असे म्हटले आहे. हे आवश्यकच होते. पण ज्याची ओळख गल्लीला प्रत्यक्ष उपयोगी पडते, त्या शिपायाला एका गल्लीत किती काळ राहू द्यावे, याविषयी त्या निर्देशांत काही नाही. अधिकाऱ्याच्या स्थैर्याचा विचार झाला. पायदळ मात्र वाऱ्यावरच राहिले.

या चर्चेचा संबंध विद्यापीठाच्या आवाराशीही पोचतो. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाचे आवार सुमारे १३०० एकरांचे आहे. त्याचे अर्धवर्तुळाकार वृक्षाच्छादित रस्ते दिवसा जितके रमणीय, तितकेच रात्री निर्जन. सप्टेंबर २०१७ मध्ये वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीचा मोटारसायकलवरून आलेल्यांनी विनयभंग केल्याच्या तक्रारीनंतर विद्यार्थिनी मुख्य द्वारावर धरणे धरून बसल्या. त्यांच्या मागण्यांत रस्त्यावर दिवे आणि रक्षक असावेत, एवढी साधी मागणी होती. २३ सप्टेंबरच्या रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच आवारातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या एका विद्यार्थिनीवर रात्री अत्याचार झाला. आरोपी मोटारसायकलवरून आल्याचे सांगण्यात आले आणि त्यांना डिसेंबरच्या अखेरीस अटक झाली. त्या घटनेनंतर भिंत बांधण्याची चर्चा झाली, कॅमेऱ्यांची चर्चा झाली. कॅमेऱ्याने तपासाला साहाय्य होते, हे खरे. पण कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. रात्री अकरा वाजता ग्रंथालयातून सायकलवर परतणाऱ्या मुलीला हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर एक विश्वासू माणूस हवा असतो. तो तिच्याच वेगाने त्याच रस्त्यावर फिरत असेल, आणि शक्य असेल तेथे ती स्त्री असेल, तर भिंतीची उंची कमी ठेवूनही भागेल. २०१७ मध्ये मुलींनी मागितली होती ती सोबत. त्यांना मिळाले ते बळ. पोलिसांच्या दोन परंपरांमधील फरक इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

दुसरीकडे नगरीचे रूपही बदलले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. त्यासाठी तीनशेहून अधिक घरे संपादित करून पाडण्यात आली आणि गंगेपासून मंदिरापर्यंत प्रशस्त मार्ग झाला. यात्रेकरूंची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जेथे प्रत्येक झरोक्यातून वाटेवर एखादा डोळा असे, तेथे आता वर्दीतील पहारेकरी आणि यंत्रे यांच्यावर भिस्त आहे. रस्त्यावरची सुरक्षितता ही मुख्यतः तेथे राहणाऱ्या लोकांच्या नजरेने सांभाळली जाते, असे जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकन शहरांविषयी लिहिले होते. राहणारे उठून गेले की ते काम पगारी माणसांवर येऊन पडते. मार्च २०२१ मध्ये वाराणसीला पोलीस आयुक्तालय मिळाले, अधिकाऱ्यांची संख्या आणि त्यांचे अधिकार वाढले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ११२ हा क्रमांक मिळालेल्या सेवेमुळे हाक मारताच गाडी येण्याची सोय झाली. अपघात, आग, मारामारी यांसाठी ती गाडी हवीच. तिच्या जागी सायकल ठेवा, असे कोणीही सुचवणार नाही. मात्र हाक मारल्यावर येणे आणि हाक मारण्यापूर्वी तेथे असणे, ही दोन कामे निराळी आहेत. पहिल्या कामासाठी वेगवान वाहने वाढत गेली. दुसऱ्या कामासाठी कोणतेच वाहन उरले नाही.

म्हणून सायकलीचा पुरस्कार करताना तो गतकाळाविषयीच्या हळहळीतून होऊ नये. पूर्वीचा शिपाई सायकलवर होता तो परवडत नव्हते म्हणून; आता तो असावा तर विचारपूर्वक असावा. सायकल सरकारी असावी, तिची दुरुस्ती चौकीच्या खर्चाने व्हावी आणि तिच्यावरून फिरणे ही शिक्षा वा कमीपणा मानला जाऊ नये; किंबहुना एका वस्तीत दोन वर्षे सायकलवर काढलेल्या शिपायाला बढतीच्या वेळी त्याचे श्रेय मिळावे. मे महिन्यातील काशीच्या उन्हात दिवसभर कोणाला सायकल हाकायला लावणे ही क्रूरता होईल. तेव्हा पाळी आठ तासांची असावी आणि फेऱ्या सकाळच्या, सायंकाळच्या व रात्रीच्या असाव्यात. पक्क्या महालात तसेच विणकरांच्या वस्तीत आणि विद्यापीठाच्या परिसरात एकाच वेळी प्रारंभ व्हावा, म्हणजे सायकल अमक्यांच्या रक्षणासाठी आणि अमक्यांवर पाळत ठेवण्यासाठी आली, अशी शंका राहणार नाही. एका जीपच्या किमतीत एका ठाण्याला पुरतील इतक्या सायकली येतात. तेव्हा द्रव्याची सबब पुढे करता येणार नाही. अडचण आहे ती प्रतिष्ठेची. दिव्यांच्या झगमगाटात वेगाने निघून जाणारी गाडी सत्तेला शोभते, आणि पान खात उभ्या असलेल्या चार माणसांत एक पाय टेकवून बोलणारा शिपाई तिला शोभत नाही, ही समजूत बदलल्याखेरीज कोणताही भत्ता वाढवून उपयोग होणार नाही.

कालभैरवाच्या मंदिराच्या आसपास आजही कुत्री निवांत पडलेली असतात. भाविक त्यांना हार घालतात, पेढा भरवतात. गर्दी कितीही असो, ती आपली जागा सोडत नाहीत; आणि गल्लीतला रोजचा माणूस गेला तर मानही वर करत नाहीत. परका आला की मात्र ती उठून बसतात. ही ओळख त्यांना कोणी शिकवलेली नाही. ती त्याच गल्लीत राहून झालेली आहे. कोतवालीतील रिकाम्या खुर्चीला दररोज नमस्कार करणाऱ्यांनी जाता-येता या वाहनाकडेही एकदा लक्ष द्यावे.